सातव्या मजल्याची पश्चिम बाजू

६ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, असं धरूनच लिहायला बसलोय. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय ते एका चिकटपट्टीपायी. हसू नकोस. म्हणजे, हसलीस तरी चालेल.

मी अजून तेच काम करतो. इमारतींना बाहेरून पत्र्याची आवरणं ठोकलेली असतात, त्यांचा रंग उन्हानं मरतो. तो धुवायचा, घासायचा, नवा चढवायचा. गुडघे कुरकुर करतात, बाकी ठीक. गेल्या महिन्यात मुकादम म्हणाला, "मोठं काम आलंय. सात मजले, चारी बाजू." पत्ता सांगितला तेव्हा मी डबा खात होतो. घास तोंडातच राहिला. तीच इमारत, ताई. भाऊजी पडले ती.

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हा मुकादम नंतर आलेला, त्याला काही ठाऊक नाही. नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं.

तीन बाजू उरकल्या. पश्चिमेची मी शेवटी ठेवली. नऊ वर्षांत तिथल्या रंगाचा पार खडू झालाय, नुसता हात फिरवला तरी तळहात निळा. काल आम्ही ती बाजू धुतली आणि घरी गेलो. आज सकाळी येऊन बघतो तर पहिल्या मजल्याच्या सगळ्या खिडक्यांना टेप लावून तयार. काचेवर रंग उडू नये म्हणून कडेनं लावतात तो कागदी टेप. आणि प्रत्येक पट्टीचं टोक दुमडून त्याचा इवलासा कान केलेला, म्हणजे नंतर ओढून काढायला सोपं.

हे तू जगात दुसऱ्या कुणाला करताना पाहिलंयस? मी नाही. आम्ही सगळे टेप टरकन फाडतो आणि काढताना नखं मोडून घेतो. ठकीच्या वह्यांना कव्हर घालतानासुद्धा भाऊजी असे कान ठेवायचे आणि ती वर्गात बसून ते ओढायची. बाईंची चिठ्ठी आली होती घरी, आठवतं?

मी मौनीला विचारलं. मौनी म्हणजे छतावर थांबून आमचे दोर सांभाळणारा माणूस. तोंड मिटत नाही म्हणून मौनी. तो म्हणाला, "तुम्हीच लावला असणार, मिस्त्री. वय झालं आता, विसरता."

एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. तू तरी काय वेगळं करणार आहेस म्हणा.

तुझा बारक्या


१० फेब्रुवारी

ताई,

ठकीचा फोन आला. आवाज इतका मोठ्या बाईसारखा झालाय की मी "कोण मॅडम बोलताय?" असं विचारलं. ती म्हणाली, "मामा, मी ठकी. आई विचारते, कान कुठल्या टोकाला होता?"

मी म्हटलं, डाव्या.

मग पलीकडून कुणीतरी खोकलं. तू फोनजवळच उभी होतीस, हो ना? तुझं ते दाबून खोकणं मी अजून ओळखतो.

डावखुऱ्या माणसाचा कान डाव्या टोकाला. मलाही लिहिताना ते कळत होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. दुसरा मजला घासलेला सापडला. आम्ही जुना रंग पॉलिश पेपरनं घासतो, त्याचे ओरखडे पत्र्यावर राहतात. मी उजव्या हाताचा, माझे ओरखडे उजवीकडे वर चढतात. हे डावीकडे चढलेले होते. एकसारखे, दाबून केलेले, कोपऱ्यात जराही कामचुकारपणा नाही. मुकादम येऊन बघून गेला, म्हणाला, "वा! या वेगानं चाललं तर आठ दिवस आधी सुटू." मी मान हलवली.

अडचण अशी की घासलेला पत्रा उघडा ठेवता येत नाही. दव बसलं की गंज धरतो. त्याच दिवशी प्रायमर मारावाच लागतो. म्हणजे कुणीतरी पुढं घासत चाललंय आणि मी मागून प्रायमर मारत चाललोय. मजला कधी चढायचा हे आता मी ठरवत नाही.

आज मुद्दाम उजाडायच्या सुमाराला गेलो. चांगलं स्वच्छ उजाडलं होतं. आमचा पाळणा, म्हणजे छतावरून दोन तारांनी सोडलेली कामाची लोखंडी फळी, खाली जमिनीवर होता. त्याच्या बटणांच्या पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. वारा अजिबात नव्हता. मी खाली उभा राहून वर बघत होतो आणि तिसऱ्या मजल्यावरून निळी भुकटी खाली येत होती. चाळणीतून पीठ पडावं तशी, थोडी थांबून, परत. माझ्या बाहीवर पडली. वर कुणी नव्हतं, ताई. नुसती भिंत.

आठ वाजता पाळणा वर नेला. तिसरा मजला घासून झाला होता. पत्रा हाताला कोमट लागला. पश्चिमेला सकाळी ऊन नसतं.

तू मला वेगळंच काही विचारणार असशील तर तेव्हा सांगितलं तेच आहे. भाऊजींच्या कमरेला पट्टा होता, हूक दोराला लावलेला नव्हता. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही.

बारक्या


१४ फेब्रुवारी

ताई,

कालपर्यंत मी घाबरलो नव्हतो. विचित्र वाटत होतं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. भाऊजींबरोबर काम करायची सवयच तशी होती. ते पुढं, मी मागं. मी लग्नाआधी तुमच्याकडे राहायचो, तेव्हा सकाळी निघतानाही ते पुढं आणि मी मागं, बुटाची नाडी बांधत पळणारा.

काल पाचव्या मजल्यावर होतो. दुपार होती. ऊन चढलं की पत्रा तापतो, फुगतो आणि टक् टक् वाजायला लागतो. "बोलायला लागला बघ," भाऊजी म्हणायचे. तर तसा तो बोलत होता आणि मी खाली मान घालून प्रायमरचा ब्रश चालवत होतो. एवढ्यात वरून मौनी ओरडला, "बांधली!"

मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं परत, "हो हो, बांधली!" आणि मग तिसऱ्यांदा, जरा चिडून, "अहो मिस्त्री, किती वेळा सांगू, बांधली म्हणून!"

मी पाळणा थेट छतापर्यंत नेला. विचारलं, "कुणाशी बोलतोयस?"

"तुमच्याशी. तुम्हीच खालून विचारताय ना, बांधली का रे, बांधली का रे? कडं पक्कं आहे, गाठ पक्की आहे. विश्वास नसेल तर या, बघा."

"मी तोंड उघडलेलं नाही."

तो हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायचा थांबला. मौनी दुपारभर एक शब्द बोलला नाही. असं कधी झालेलं नाही.

"बांधली का रे?" हे भाऊजींचं वाक्य होतं. पाळण्यात उतरलं की कमरेच्या पट्ट्याचा हूक वेगळ्या सुरक्षा दोराला लावायचा, आणि त्या दोराचं वरचं टोक छतावरच्या कड्याला बांधायचं. ती गाठ बांधायचं काम माझं. पाळण्याची तार तुटली, सटकली, काहीही झालं, तरी माणूस त्या दोरावर लटकून वाचतो. म्हणून ते खालून रोज विचारायचे, "बांधली का रे?" आणि मी म्हणायचो, "बांधली." त्या दिवशीही विचारलं. त्या दिवशीही मी तेच म्हणालो.

आणि बांधली होतीच. दोर बांधलेला होता. पण हूकच लावलेला नसेल तर वर गाठ कितीही पक्की असून काय उपयोग? हे मी तेव्हाही सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

आता दोन मजले राहिलेत.

बारक्या


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. मी ते कामाच्या शर्टाच्या खिशात ठेवलंय आणि घरी येऊन दुसरा शर्ट घातला की त्यात हलवतो. तू लिहिलंयस:

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी त्यांना म्हणाले होते, आज घरी नाही आलात तरी चालेल. हूक त्यांनी मुद्दाम लावला नाही, हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. तू आता जुनं उकरू नकोस आणि पत्रं पाठवू नकोस."

ताई, मला भांडणाचं माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी चारचौघांत त्यांची चूक सांगितली म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. त्यांना निष्काळजी म्हटल्याचा तुला राग आला असणार. राग येणं बरोबरच होतं, म्हणून मीही कधी पाय ठेवला नाही. मला काय ठाऊक की तू घरात बसून हे असलं काही धरून ठेवलंयस!

तसं नाहीये ते. तसं अजिबात नाहीये. मी तुला सांगेन. आज हात चालत नाही.

सहावा मजला काल घासलेला मिळाला. आज सकाळी सातवा बघितला. तो तसाच आहे. टेप नाही, ओरखडा नाही, धुतल्यावर होता तसाच. तो माझ्यासाठी सोडलाय.


२१ फेब्रुवारी

ताई,

आज सातवा मजला केला. ते आधी सांगतो, मग बाकीचं.

दहाच्या सुमाराला वर गेलो. मौनीला म्हटलं, गाठ मला दाखव. त्यानं कड्यापाशी नेऊन दाखवली. मग पाळण्यात उतरलो, हूक लावला आणि घासायला लागलो. पत्रा थंडगार होता. जुना रंग निघाला तसा त्याखालचा दिसायला लागला, आणि मधेच एका पट्ट्यावर तो संपला. पुढं दुसऱ्याच्या हातचा रंग होता. भाऊजींचं काम जिथं थांबलं ती रेघ होती ती. तिच्यावर मी पेपर धरला आणि हात पुढं जाईना.

तेव्हा ऐकू आलं. मौनीला नाही, या वेळी मला. वरून नाही, खालून नाही, पत्र्याच्या आतून, जवळून, नेहमीच्या आवाजात. रागावलेला नव्हता. "बांधली का रे?"

मी म्हणालो, "नाही, भाऊजी. नव्हती बांधली."

पत्रा वाजायचा थांबला. मग माझ्या पाठीमागचा दोर ताठ झाला. एकदा, दोनदा, तीनदा ओढला गेला. गाठ तपासायला कुणी ओढावा तसा, कमरेचा पट्टा पोटात रुतेल इतका. मग सैल पडला. वरून मौनी किंचाळला, "मिस्त्री, दोर का ओढताय?" तो आता खाली बसलाय. वर जायला तयार नाही. मी रेघेवरून घासत पुढं गेलो आणि मजला पुरा केला. माझ्याच हातानं, उजवीकडे चढणारे ओरखडे.

आता खरं.

सिमेंटात रोवलेलं कडं छताच्या पलीकडच्या टोकाला होतं. वीस पावलं असेल. ऊन होतं. मला कंटाळा आला. जवळच जुन्या जाहिरातीच्या पाटीचा एक लोखंडी पाय उभा होता, खाली गंजलेला. मी दोर त्याला बांधला. भाऊजींनी विचारलं, मी "बांधली" म्हणालो. दोर बांधला होता, हे खोटं नव्हतं. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. विश्वास होता त्यांचा.

पाऊण तासानं पाळण्याची एका बाजूची तार सटकली. दोरानं त्यांना धरायला हवं होतं. पाटीचा पाय मुळातून मोडला आणि माझ्या समोरून फरफटत कठड्यावरून खाली गेला.

हूक लावलेला होता, ताई. त्यांनी रोजच्यासारखा लावला होता. घरी यायचं असलेल्या माणसासारखा.

मी सात मजले जिन्यानं धावत उतरलो. जेवणाची सुट्टी होती, सगळे पुढच्या दारापाशी. मागच्या बाजूला कुणी नव्हतं. मी हूक सोडवला. त्यांच्या डाव्या हाताची मूठ त्या हुकावर होती. एकेक बोट उघडलं. मग दोर त्या लोखंडापासून सोडला आणि लोखंड भंगारात टाकलं. (दोर नंतर, त्यांना नेलं त्या गडबडीत, वर जाऊन कड्याला बांधला.) मग ओरडलो. तोवर त्यांचा जीव गेलेला होता, त्यांना काही कळलं नाही.

तुझ्या भांडणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुझ्या कुठल्याच शब्दाचा नाही. माझ्या वीस पावलांचा आहे.

हे मी उद्या मुकादमाला सांगणार आहे आणि मग पोलिसांत जाऊन लिहून देणार आहे. आधी तुला.


२ मार्च

ताई,

तू आज येशील असं वाटलं नव्हतं. फाटकाशी ठकी दिसली तेव्हा क्षणभर तूच वाटलीस, तुझ्या लग्नाच्या वेळची. मग तिच्या मागून तू आलीस आणि मी तिथल्या रिकाम्या डब्यांत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. मला वाटलं, तू मारशील. मारायला हवं होतंस.

जबाब दिला ते तुला सांगितलंच. दोनदा लिहून घेतला, सही घेतली. पुढं काय होतं ते होईल. मालकानं काम थांबवलंय, मुकादम माझ्याशी बोलत नाही. मौनी मात्र संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर गप्प बसून जातो. एवढं त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

तू विचारलंस, "कुठं?" मी जागा दाखवली. तू भिंतीपासून दोन हातांवर जाऊन उभी राहिलीस आणि वर बघत राहिलीस. ठकी म्हणाली, "आई, चल ना." तू हलली नाहीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "काही बोलले का रे?"

मी म्हणालो, "नाही."

तू मान हलवलीस. निघताना तुझ्या खांद्यावर निळी भुकटी होती. ठकीनं ती झटकली, तुझं लक्ष नव्हतं. मी वर बघितलं. आठ दिवस झाले, वर कुणी गेलेलं नाही. पाळणा सील करून ठेवलाय आणि पश्चिमेची भिंत तळापासून वरपर्यंत प्रायमर मारून राखाडी झालीय. निळा रंग तिथं कुठं उरलाच नाही.

तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि मागं पत्रा वाजायला लागला. आज ढग होते, ऊन नव्हतं. मी त्याच्याकडे पाठ करून किती तरी वेळ उभा राहिलो. मग घरी आलो आणि बूटही न काढता हे लिहायला बसलो.

मी परत खोटं बोललो, ताई. मागच्या पत्रातही आणि आज तुझ्या तोंडावरही. त्यांचा जीव गेलेला नव्हता.

मी खाली पोचलो तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते आणि मला बघत होते. मी बोटं सोडवायला लागलो तर त्यांनी ती घट्ट धरली. मग सैल सोडली. त्यांना वाटलं असेल, मी त्यांना मोकळं करतोय. मी आधी ओरडायला हवं होतं. आधी माणसं बोलवायला हवी होती. मी आधी हूक सोडवला, दोर सोडवला, लोखंड टाकून आलो, आणि मग. तेवढ्या वेळानं ते वाचले असते की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरला मी कधी विचारलं नाही, विचारणार तरी काय म्हणून? हेही उद्या जाऊन जबाबात घालायला सांगणार आहे.

आणि ते बोलले होते. म्हणूनच तुला कधी सांगता आलं नाही. बोललेलं सांगितलं असतं तर जिवंत होते हे सांगावं लागलं असतं.

आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. रोज काम लांबलं की मला तुमच्या घरी पुढं धाडताना म्हणायचे, तसंच, अगदी सहज म्हणाले, "घरी सांग, मला जरा उशीर होईल."

त्यांचा हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, "सांगतो."

बारक्या